आईची हिरवी वही

(फडताळ उघडतं. हिरव्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही. मागे टीव्हीचा आवाज.)

रात्रीचे आठ. पाटणजवळच्या आमच्या घरात मालिका सुरू झाली की आई उठते, फडताळातली वही काढते. पानावर तीन रकाने आखलेत: तारीख, गोळी, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा. आई चौथीपर्यंत शिकलेली. पण आयएनआर हा शब्द तिच्या तोंडी आता पेरणी-कापणीइतका रुळलाय.

आईच्या हृदयात धातूची झडप आहे. लहानपणी तिचा घसा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे. ‘वाढीचं दुखणं’ म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. त्या तापानं हृदयाची मायट्रल झडप आतून खराब होत गेली. चाळिशी उलटल्यावर पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागायला लागली, तेव्हा कळलं. शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी एक छोटी गोळी हातात दिली: एसिनोकुमारोल. म्हणाले, “ही जन्मभर. आपल्या मनानं एक दिवससुद्धा बंद करायची नाही.”

धातू रक्ताला परका. त्याच्यावर रक्ताची गुठळी धरते. ती झडपेत अडकली तर झडप बंद पडते, सुटून मेंदूत गेली तर लकवा. ‘रक्त पातळ करायची गोळी’ असं आपण म्हणतो, पण रक्त काही ताकासारखं पातळ होत नाही. रक्त गोठवणारे काही घटक यकृत के जीवनसत्त्वाच्या मदतीनं बनवतं. गोळी त्या कामाला लगाम घालते. आधी तयार झालेले घटक संपायला मात्र चार-पाच दिवस जातात. म्हणूनच सुरुवातीला गोळी चालू असतानाही आईला पोटावर हेपॅरिनच्या, म्हणजे गुठळी लगेच रोखणाऱ्या औषधाच्या, सुया होत्या. मी तेव्हा नर्सशी वाद घातला होता, गोळी चालू आहे तर सुया कशाला? तिनं शांतपणे हेच समजावलं.

(वहीतले आकडे जवळून: 1.6, 2.2, 3.1.)

निरोगी माणसाचा आयएनआर 1 च्या आसपास. आईला सांगितलेला पट्टा 2.5 ते 3.5. खाली गेला तर गुठळीची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पहिल्या महिन्यात दर थोड्या दिवसांनी एसटीनं कराड, लॅबमध्ये रक्त, संध्याकाळी फोनवर आकडा, मग डोस. कधी दोन मिलिग्रॅम, कधी अडीच. डोस बदलला की आम्ही घाबरायचो. खरं तर बदलणं हेच उपचार होते.

हे पान बघा. भातलावणीत आईची कंबर धरली. कुणी तरी मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणून दिल्या. चार दिवस घेतल्या. पाचव्या दिवशी शौचाला डांबरासारखं काळं झालं. पोट बिघडलं असेल म्हणून ती आणखी एक दिवस गप्प राहिली. दवाखान्यात आयएनआर निघाला 5.8. दुखण्याच्या गोळीनं जठराला जखम केली होती आणि तिथलं रक्त थांबत नव्हतं. दोन पिशव्या रक्त चढवलं, तेव्हा आई वाचली. त्या दिवसापासून वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलंय: धातूची झडप, रक्त पातळ करायची गोळी चालू. दाताच्या डॉक्टरला, मेडिकलवाल्याला, सुई देणाऱ्याला, सगळ्यांना ती आधी हे पान दाखवते. हगवणीवरची मेट्रोनिडाझोलसुद्धा आयएनआर वर नेते, हे आम्हाला असंच विचारून कळलं.

पालेभाज्यांचा घोळ आम्हीच घातला. मेथी, पालक, कोबीत के जीवनसत्त्व असतं असं कुणी सांगितलं आणि आम्ही सगळंच बंद केलं. महिनाभरानं संक्रांतीला शेतातली कोवळी मेथी आली, ती पोटभर खाल्ली, आयएनआर घसरला. डॉक्टर म्हणाले, बंद नका करू, दर आठवड्याला साधारण सारखी खा.

मग शेजारच्या काकूंनी मोबाइलवरचा मेसेज वाचून दाखवला: हे उंदराचं औषध आहे! निम्मं खरं होतं. याच कुळातलं वॉरफरिन 1948 मध्ये अमेरिकेत उंदीर मारायला आलं आणि 1954 पासून माणसांना द्यायला लागले. आई दोन दिवस गोळीकडे नुसती बघत बसायची. माझ्यासमोर घ्यायची तेवढंच. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांना अशी वरचेवर तपासणी लागत नाही, पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर तेवीस वर्षांची मुलगी होती, तिलाही धातूची झडप. मूल हवं असेल तर दिवस जाण्याआधी भेटायला या, असं तिला दोनदा बजावलं होतं. ही गोळी सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाला अपाय करू शकते आणि मनानं बंद केली तर होणाऱ्या आईची झडप धोक्यात. अशा किती मुलींना हे लग्नाआधी कुणी सांगतं?

(आई वही उलटते. एका रकान्यात वाकड्या अक्षरात: ‘इसरले’.)

त्या दिवशीची गोळी राहिली. दुसऱ्या दिवशी तिनं दोन घेतल्या नाहीत, नेहमीची एकच घेतली आणि डॉक्टरांना फोन केला.

आजचा आकडा 2.9. पुढची तपासणी चार आठवड्यांनी, सोमवारी. आई पाण्याबरोबर गोळी घेते, बरोबरची खूण करते आणि विचारते, “मालिकेत काय झालं रं?”