गडगडता दगड

(ओढा. पाण्याखालचे गोटे.)

हे गोटे पाहा. एकमेकांवर आपटत, घासत इथवर आलेत. एकालाही कंगोरा उरलेला नाही, आणि एकावरही हिरवा ठिपका नाही.

काठावरचा हा धोंडा मात्र जागचा हललेला नाही.

इंग्रजीतली एक म्हण या दोन दगडांची आहे. गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही. म्हण एकच; अर्थ मात्र दोन निघतात, आणि तेही एकमेकांच्या उलटे.

(जुनी छापील पानं.)

डच विद्वान इरॅस्मसनं ती लॅटिनमध्ये आपल्या ‘अ‍ॅडॅजिया’ या संग्रहात नोंदवली. १५०० साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा छापलेला हा संग्रह पुढे वाढत चार हजार म्हणींच्या वर गेला. लॅटिन म्हणीशेजारी त्यानं ग्रीक रूप दिलंय. त्यातलं शेवाळ समुद्रातलं आहे; लॅटिनमधलं मात्र दगडावरचं, इंग्रजीत ज्याला मॉस म्हणतात ते. मराठीत दोन्हींना शेवाळच म्हणतात, म्हणून हा फरक आपल्या लक्षातही येत नाही. १५४६ मध्ये जॉन हेवुडच्या संग्रहात ती इंग्रजीतून दिसते. शेतकरी-कवी थॉमस टसरनं तर मॉस आणि लॉस असं यमकच जुळवलं: सारखं बिऱ्हाड हलवणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. इथे शेवाळ म्हणजे कमाई. घरदार, जोडलेली माणसं, गाठीला चार पैसे.

(मॉस, अगदी जवळून.)

मॉसला खरी मुळं नसतात. केसासारख्या तंतूंनी ते दगडाला धरून राहतं आणि पाणी अंगानंच शोषतं. त्याचं पान बहुतेक ठिकाणी एका पेशीइतकंच जाड असतं. सुकून आक्रसलेलं हे मॉस आता पाहा. थेंब पडला, आणि ते उघडतंय.

(थोडा वेळ फक्त पाण्याचा आवाज.)

अशा जिवाला पुढे गंजाच्या रांगेत बसवलं गेलं. विशेषतः अमेरिकेत म्हणीचा अर्थ उलटला: चालत राहा, म्हणजे बुरसणार नाही. अमेरिकन ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यावरून १९६२ मध्ये लंडनच्या रोलिंग स्टोन्स, म्हणजे गडगडते दगड, या बँडनं आपलं नाव घेतलं. गडगडणं हे आता दूषण राहिलं नव्हतं.

(क्योतो. साइहो-जी मंदिराची बाग.)

इथे मॉसचे सुमारे १२० प्रकार आहेत. पायाखाली, झाडांच्या बुंध्यांवर, दगडांवर, जिकडे पाहावं तिकडे. जपानच्या राष्ट्रगीतातही खड्यांचे खडक होऊन त्यांवर शेवाळ चढेपर्यंतच्या दीर्घ काळाची कामना आहे. मला म्हणीतलं शेवाळ समजलं ते हे पाहून.

मनोविकारतज्ज्ञ रुग्णाची विचारशक्ती तपासताना म्हणींचा अर्थ विचारतात. त्यांत हीसुद्धा असते. कुठलं उत्तर बरोबर धरायचं, ते तपासणाऱ्याच्या हाती.

(पुन्हा ओढा.)

काठावरचा तोच धोंडा. पाऊस नुकताच थांबलाय.