सातवीचे गुण कोण विचारतं?

आजच्या व्याख्यानासाठी पालकांच्या ज्या चिठ्ठ्या आल्यात, त्यांतल्या बहुतेकींत एकच प्रश्न आहे: सहावी-सातवीचे गुण पुढं कॉलेजच्या प्रवेशाला धरतात का? उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. पण इथंच थांबलो तर आयोजकांचा नारळ फुकट जाईल, म्हणून जरा सविस्तर बोलतो.

अकरावीचा प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. पुढं इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी किंवा जेईई, मेडिकलला नीट या प्रवेश परीक्षा, आणि जोडीला बारावीत ठरावीक टक्के. यांतल्या कुठल्याच अर्जात सातवीच्या गुणांचा रकाना नाही. २०२१ साली कोरोनामुळे दहावीची परीक्षा रद्द झाली, तेव्हा मंडळाला मागचे गुण शोधावे लागले. शंभरातले ५० नववीच्या निकालावरून दिले, उरलेले ५० दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनातून. म्हणजे एवढ्या अडचणीतही मंडळ नववीच्या खाली उतरलं नाही. ‘नववीला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांची मात्र त्या वर्षी चांगलीच पंचाईत झाली.

मुलाला पदवीसाठी अमेरिकेला पाठवायचं असेल, तर नववी सांभाळा. तिथली विद्यापीठं साधारणपणे नववी ते बारावी असे चारही वर्षांचे निकाल मागतात. तिथंच वाढणाऱ्या भाचे-पुतण्यांचंही तसंच. कॅलिफोर्निया विद्यापीठ सातवी-आठवीत केलेलं वरच्या पातळीचं गणित किंवा दुसरी भाषा विषयांच्या अटीत धरतं, पण सरासरी काढताना ते गुण घेत नाही.

सातवीच्या गुणांना खरी किंमत येते ती एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीला. सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतलं मूल, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. आठवीत या परीक्षेला बसायचं तर सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०. निवड झाली की नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये. अकरावी-बारावीचा खर्च कुठून काढायचा या विवंचनेतल्या घराला हे पैसे मोठे असतात, आणि नेमक्या त्याच घरांपर्यंत ही माहिती वेळेत पोचत नाही.

आता जरा आत शिरू. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाला, तेव्हा आठवीपर्यंत नापास करणं थांबलं (पाचवी आणि आठवीत ते आता पुन्हा सुरू झालंय), आणि प्रगतिपुस्तकात अ-१, अ-२, ब-१ अशा श्रेणी आल्या. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम, प्रकल्प, उपक्रम हे सगळं येतं आणि तिथं शिक्षकांचा हात सैल असतो. त्यात वाईट काही नाही, पोरं खुलतात. पण अ-२ मिळालेल्या मुलाला व्यस्त चलन (एक वाढलं की दुसरं त्याच प्रमाणात घटतं) कळलंय का, हे त्या श्रेणीवरून कळत नाही. मग अकरावीत दाब वाढला की वायूचं आकारमान त्याच प्रमाणात का घटतं, यापाशी तो अडतो. कंसाबाहेर उणे चिन्ह असलं की आतली चिन्हं बदलायची, हे ज्याच्या हातात बसलं नाही, त्याला सीईटीत गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं कशी पुरणार? क्लासवाले सांगतात, कॅल्क्युलस कच्चं आहे. बरेचदा तो सातवीच्या कंसातच अडकलेला असतो.

म्हणून शाळेत गेलात की श्रेणी विचारू नका, उत्तरपत्रिका बघायला मागा. कुठल्या प्रकारची चूक परत परत होते, ते बघा. सहावीपासून ‘फाउंडेशन’ क्लासची फी भरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. सातवीत चुकायला मुभा आहे, कारण कॉलेजच्या प्रवेशाला ते गुण कोणी मोजत नाही. आपणच घरात दहावीसारखी दहशत बसवली, तर मूल चुका लपवायला शिकतं.

शाळेची आणखी एक गोष्ट पुढं नक्की विचारली जाते, आणि तिचा गुणांशी संबंध नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद. मुलाचं नाव, जन्मतारीख, जात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणी समिती मुलाच्या, वडिलांच्या, जमलं तर आजोबांच्याही शाळेतल्या नोंदी बघते. वेलांटीचा फरक असला तरी खुलासा करत बसावं लागतं. मूल शाळेत आहे तोवर मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्तीला लागता येतं, शाळा सोडल्यावर चपला झिजतात. या आठवड्यातच ऑफिसात जाऊन नोंद डोळ्यांनी बघून या. जाताना मूळ जन्मदाखला आणि त्याच्या दोन झेरॉक्स बरोबर असू द्या.