फोटोची तारीख फोटोतच असते

नमस्कार श्रोतेहो.

कॉम्प्युटरवर फोटोंचं फोल्डर उघडलं की समोर चौकोनी चित्रांची रास दिसते. हवा असतो एकच फोटो, आणि आपण माउसचं चाक फिरवत बसतो. चार-पाचशे फोटोंपर्यंत हे निभतं. पाच हजार झाले की हवा तो फोटो डोळ्यांसमोरून निघून जातो आणि लक्षातही येत नाही. असा साठा चाळायचा कसा, ते आज सांगतो. विंडोजवरचा कॉम्प्युटर धरून बोलतोय. इतर कॉम्प्युटरवर मेनूंची नावं बदलतील, मूळ गोष्ट बदलणार नाही.

फोल्डर उघडल्यावर फोटो बहुतेक वेळा नावाप्रमाणे लावलेले असतात, आणि कॅमेऱ्यानं दिलेल्या नावावर विसंबण्यात अर्थ नाही. कॅमेरा चार अक्षरं आणि चार आकडे असं नाव देतो. आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ वर येतात. म्हणजे काही वर्षांच्या अंतरानं काढलेल्या दोन अगदी वेगळ्या फोटोंचं नाव एकच असू शकतं. दोन फोल्डर एकत्र करताना 'या नावाची फाइल आधीच आहे' असा प्रश्न येतो तो यामुळेच. तिथं 'रिप्लेस' दाबलं की जुना फोटो गेला. दोन्ही फायलींची तुलना करण्याचा पर्याय निवडा, दोन्हींवर खूण करा. मग दोन्ही राहतात, नव्या फाइलच्या नावापुढे कंसात आकडा लागतो.

मग लावायचे कशानं? तारखेनं. पण कुठल्या? फोटोच्या फाइलला निदान तीन तारखा असतात. 'डेट क्रिएटेड' म्हणजे ती फाइल या डिस्कवर, या जागी कधी आली. फोटो पेनड्राइव्हवरून कॉपी केलात की ही तारीख आजची होते. 'डेट मॉडिफाइड' म्हणजे फाइलमध्ये शेवटचा बदल कधी झाला. कॉपी करताना ती सहसा टिकते, पण फोटो कापला, उजळ केला आणि सेव्ह केला की बदलते. तिसरी 'डेट टेकन'. ही कॅमेऱ्यानं बटण दाबल्या क्षणी फाइलच्या पोटात लिहिलेली असते, एक्झिफ नावाच्या नोंदीत. कॅमेऱ्याचं मॉडेल, शटरचा वेग, कॅमेरा आडवा धरला होता की उभा, हेही तिथंच असतं. फोल्डर कितीदाही हलवा, ही नोंद फोटोबरोबर जाते. चाळायचं ते हिच्यावर.

त्यासाठी 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'डिटेल्स' निवडा. वर रकान्यांची नावं दिसतील. त्या पट्टीवर उजवं क्लिक करा, यादीत 'डेट टेकन'वर खूण करा. यादीत नसेल तर तळाच्या 'मोअर'मध्ये सापडेल. मग त्या रकान्याच्या नावावर एकदा क्लिक केलं की क्रम लागतो, पुन्हा केलं की उलटा होतो. आता परत मोठी चित्रं हवी असतील तर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा. चित्रं मोठी होतील, क्रम तोच राहील.

काही फोटोंसमोर हा रकाना कोरा दिसेल. बहुधा ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले असतात. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप त्याचा आकार कमी करतं आणि पोटातली नोंद काढून टाकतं. त्यांच्या नावात मात्र वर्ष, महिना, दिवस असे आठ आकडे असतात आणि पुढे 'डब्ल्यूए'. ती तारीख फोटो काढल्याची नसते, फोनवर आल्याची असते. दहा वर्षांपूर्वीचं छायाचित्र काल कुणी पाठवलं तर नावात कालची तारीख असेल. माझं मत विचाराल तर या फोटोंना वेगळं फोल्डर द्या, कॅमेऱ्याच्या फोटोंत मिसळू नका. तिथं नावाप्रमाणे लावलं की ते फोनवर आल्याच्या क्रमानं लागतात.

कॅमेऱ्याचं घड्याळच चुकलेलं असेल तर 'डेट टेकन'ही चुकते. बॅटरी बराच काळ काढून ठेवली की पुष्कळ कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं. अशा वेळी एकेका फोटोची तारीख हातानं बदलत बसू नका. एक्झिफटूल नावाचा मोफत प्रोग्राम अख्ख्या फोल्डरच्या तारखा ठरावीक तासांनी किंवा दिवसांनी पुढे-मागे सरकवतो, आणि तुम्ही मनाई केली नाहीत तर मूळ फाइलची प्रत शेजारीच ठेवतो.

आता चित्रं उमटायला वेळ का लागतो ते सांगतो. बारा मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर साधारण चार एमबी जागा घेतो, पण तो दाखवायचा तर कॉम्प्युटरला उलगडावा लागतो, आणि उलगडल्यावर तोच छत्तीस एमबी होतो. एक कोटी वीस लाख ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट. दोन हजार फोटो म्हणजे आठ हजार एमबी. जुन्या यूएसबी डिस्कवरून सेकंदाला तीस एमबी येत असतील तर नुसतं वाचायलाच साडेचार मिनिटं लागतात. एकदा बनवलेली लहान चित्रं विंडोज साठवून ठेवतं, म्हणून दुसऱ्या खेपेला फोल्डर झटकन उघडतं. तेव्हा पहिल्या खेपेला घाईनं खाली-वर करू नका, थोडं थांबा.

कधी चित्रांऐवजी सगळीकडे एकच आयकन दिसतं. 'फोल्डर ऑप्शन्स'च्या 'व्ह्यू'मध्ये 'ऑलवेज शो आयकन्स, नेव्हर थंबनेल्स', म्हणजे नेहमी आयकनच दाखवा, लहान चित्रं नकोत, यावर खूण असेल, ती काढा. चित्रं काळी किंवा भलतीच दिसत असतील तर 'डिस्क क्लीनअप'मध्ये फक्त 'थंबनेल्स'वर खूण ठेवून साफ करा. मूळ फोटोंना धक्का लागत नाही, लहान चित्रं नव्यानं तयार होतात.

चाळताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते माउसच्या बटणानं. फोल्डरवर क्लिक करताना बोट दाबलेलं राहतं, हात जरासा सरकतो आणि ते फोल्डर शेजारच्या फोल्डरच्या पोटात जाऊन बसतं. पडद्यावर फक्त एक फोल्डर नाहीसं झालेलं दिसतं. एकाच ड्राइव्हमध्ये ओढलं की विंडोज हलवतं, दुसऱ्या ड्राइव्हवर ओढलं की कॉपी करतं. असं झालं तर दुसरं काहीही करण्याआधी कंट्रोल झेड दाबा, फोल्डर जागेवर येतं. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर तर जास्तच जपायला हवं. तिथून डिलीट केलेला फोटो रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट पुसला जातो. म्हणून कार्डावर चाळूच नये. आधी सगळं डिस्कवर उतरवावं, मग चाळावं.

फोल्डरच्या नावात वर्ष आधी लिहा, मग दोन आकडी महिना, मग दिवस, मग प्रसंग. जसं २०१९-०४-१५ बारसं. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या एक तारखा एकत्र येतात.

शेवटी जुन्या छापील फोटोंच्या स्कॅनबद्दल. त्यांच्या पोटात एकतर तारीखच नसते, नाहीतर स्कॅन केल्याची असते. जेपीईजी फाइलवर उजवं क्लिक करा, 'प्रॉपर्टीज', मग 'डिटेल्स'. तिथं 'डेट टेकन'समोरच्या जागेवर क्लिक करून तारीख लिहिता येते. त्याच पानावर 'टॅग्ज' आहे. फोटोत कोण कोण आहे त्यांची नावं तिथं लिहा, दोन नावांमध्ये अर्धविराम द्या. देवनागरीत लिहिलेलं चालतं. ती चेहरे ओळखणारी माणसं शेजारी बसलेली असतानाच हे काम काढा: उभ्या रांगेत डावीकडून तिसरी कोण, मांडीवरचं बाळ कुणाचं. नाव फाइलच्या पोटात गेलं की फोटो दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला तरी बरोबर जातं.

नमस्कार.