तीन पानांची पत्री

(दृश्य: घरामागचं लाकडी कुंपण, त्यावर चढलेला हिरवागार, चकचकीत वेल)

हे आमचं न्यू जर्सीतलं बॅकयार्ड. आणि कुंपणावर तो वेल दिसतोय ना, तो आईला आल्या दिवसापासून आवडला होता. हरतालिकेच्या आदल्या दिवशी चहासुद्धा न घेता ती परडी घेऊन बाहेर, पत्री गोळा करायला. आता इथे कुठला आघाडा न कुठला केवडा, जे हिरवं ताजं मिळेल ते देवाला चालतं असं तिचं म्हणणं, आणि हा तर तीन-तीन पानांचा, बेल नव्हे हे तिलाही कळत होतं पण त्रिदळ ते त्रिदळ, तोडला मूठभर.

गौरी बसल्या तोपर्यंत तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत फोडांनी भरले होते.

त्या वेलाचं नाव पॉयझन आयव्ही. पळसाला पानं तीनच तशी यालाही तीनच, आणि इथल्या पोरांना लहानपणीच पढवून ठेवतात की तीन पानं दिसली की हात लावायचा नाही. आपण मोठेपणी विमानाने येतो, आपल्याला कोण पढवणार?

(दृश्य: पान अगदी जवळून)

नीट बघून घ्या. मधल्या पानाला लांब देठ, बाजूच्या दोघांना जवळजवळ नाहीच. बाजूच्या पानाला बऱ्याचदा एकीकडेच खाच असते, हातमोज्याला अंगठा असतो तशी. काटे नाहीत. वसंतात कोवळी पानं लालसर, उन्हाळ्यात हिरवी, आणि ऑक्टोबरात इतकी सुंदर लाल-केशरी होतात की लोक फोटो काढायला जवळ जातात. पाच पानं असतील तर तो व्हर्जिनिया क्रीपर, तो वेगळा. झाडावर चढलेला जुना वेल तर पानांशिवायही ओळखू येतो, जाड दोरखंडाला केस फुटावेत तशी मुळं असतात त्याला. थंडीत पानं गळाली म्हणून बिनधास्त हात लावू नका, तेल खोडात असतं, मुळात असतं, वाळलेल्या वेलातही असतं.

हो, तेल. सगळी भानगड त्या तेलाची आहे. नाव उरुशिऑल, जपानी ‘उरुशी’वरून आलेलं, म्हणजे लाकडी वाट्यांवर चढवतात ते जपानी लाखेचं चकचकीत लुकण, ते याच्याच भावकीतल्या झाडाच्या चिकापासून करतात. आणि आता खरी गंमत, आपला बिब्बा याच कुळातला. आंबा याच कुळातला, काजूही. पॉयझन आयव्हीचं पान जाड ग्लोव्ह्ज घालून पांढऱ्या कागदावर चुरडलं तर डाग हळूहळू तपकिरी आणि मग काळा होतो. हा काळा डाग आपल्या लोकांनी बघितलेला आहे, परीट कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करायचे तोच. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना धुऊन आलेल्या कपड्यांवरच्या त्या खुणांनी पुरळ उठायचं.

आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "अगं मग बिब्बा उतला म्हण की! मला लहानपणी उतला होता."

आणि आईला इतक्या लवकर फोड कसे आले, त्याचं उत्तर बहुतेक तिथेच होतं. कारण ज्याला हे तेल पहिल्यांदाच लागतं त्याला पुरळ उठायला एक ते तीन आठवडेही लागतात, आणि ज्याचं शरीर आधीच बिथरलेलं असतं त्याला एक-दोन दिवसांत. हे तेल कातडीत शिरून तिथल्या प्रोटीनला चिकटतं, आणि मग शरीर आपल्याच कातडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतं. ही अ‍ॅलर्जी शंभरातल्या साधारण ८५ जणांना असते. शेजारी "मला काही होत नाही" म्हणून उघड्या हातांनी वेल उपटत असेल तर उपटू दे, पण दरवेळी नशीब तेच राहील असं नाही.

मग लागलं तर करायचं काय? धुवायचं. लगेच. पहिल्या दहा मिनिटांत धुतलं तर फार फरक पडतो, अर्ध्या तासाने धुतलं तर बरंचसं तेल कातडीत मुरलेलं असतं, तरी धुवाच. इंजिन ऑइल लागलंय असं समजून धुवायचं, नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडी घासायचा लिक्विड सोप आणि जुनं फडकं घेऊन घासायचं, खळखळून धुवायचं, परत घासायचं, नखांखाली सुद्धा. यासाठी महागड्या ट्यूबा मिळतात, पण २००० साली एका प्रयोगात अशी एक खास ट्यूब, मेकॅनिक लोकांची ग्रीस काढायची क्रीम आणि साधा भांड्यांचा सोप असे तिन्ही लावून बघितले, तिन्हीने फायदा झाला आणि तिघांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. किमतीत मात्र भरपूर होता.

मग कपडे मशीनमध्ये वेगळे, बूट, कात्री, खुरपं, सगळं. आणि कुत्रा! त्याला स्वतःला सहसा काही होत नाही, पण तो झुडपातून येतो आणि तेल तुमच्या सोफ्यावर पुसतो.

फोड आले की घरात एकच घबराट, त्यातलं पाणी लागून दुसऱ्याला होईल म्हणून. होत नाही. फोडातल्या पाण्यात ते तेल नसतंच. आज मनगटावर, परवा दंडावर उठतं त्याचं कारण तिथली कातडी जाड किंवा तिथे तेल कमी लागलेलं, म्हणून उशीर. किंवा तुम्ही अजून तेच न धुतलेलं खुरपं वापरताय. आमच्याकडे तीन दिवस आईला कोणी कणीक मळू देत नव्हतं, बिचारी.

खाज उतरायला गार पाण्याच्या घड्या, कॅलामाइन, ओटमील बारीक दळून त्या पाण्याने आंघोळ. दुकानातली एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन क्रीम थोड्या पुरळाला ठीक, फोडांपुढे तिचं काही चालत नाही. अँटिहिस्टॅमिनची गोळी खाजेवर फारशी नाही पण रात्री झोप लागायला उपयोगी पडते, मात्र त्याच औषधाच्या क्रीमा कातडीवर चोळू नका, त्यांचीच वेगळी अ‍ॅलर्जी व्हायची. इथले जुने लोक ज्युएलवीड नावाचं झाड चुरडून लावतात, ते आपल्या तेरड्याचं भावंड, पण तपासलं तेव्हा साबणापुढे तेही फिकंच पडलं. तेरड्याचा रंग तीन दिवस, हे पुरळ मात्र तीन आठवडे.

तोंडावर, डोळ्यांपाशी, गुप्तांगावर उठलं, अंगभर पसरलं, पू झाला किंवा ताप आला तर घरी बसू नका. आम्ही आईला जवळच्या एका क्लिनिकमध्ये नेलं, त्यांनी सहा दिवसांचं स्टिरॉइडचं पाकीट दिलं, चौथ्या दिवशी हात छान वाटायला लागले आणि पाकीट संपल्यावर दोनच दिवसांत सगळं परत उसळून आलं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. एवढ्या पुरळाला स्टिरॉइड द्यायचं तर दोन-तीन आठवडे, डोस हळूहळू उतरवत, नाहीतर असंच होतं. शिवाय आईला डायबेटिस, स्टिरॉइडने शुगर चढते, हे आधी कोणी विचारलंच नव्हतं. तुम्ही स्वतःहून सांगा.

(दृश्य: कुंपणाच्या बुडाशी कापलेला वेल)

वेल काढायला पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोचलेली, आणि जाड व्हिनाइलचे ग्लोव्ह्ज, कारण पातळ लेटेक्समधून हे तेल आरपार जातं. मुळासकट खणायचा, पिशवीत बांधून टाकायचा. जाळायचा अजिबात नाही! धुराबरोबर ते तेल घशात, फुप्फुसात जातं आणि मग थेट इमर्जन्सी. आणि एकदा काढून संपत नाही, याची पांढरी फळं पक्षी खातात आणि बिया कुंपणावर बसून पेरतात. त्यात २००६ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीच्या जंगलातल्या प्रयोगात दिसलं की हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला की हा वेल फोफावतो आणि त्याचं तेलही जास्त जहाल होतं. म्हणजे पुढे काय ते बघा.

काजूचं म्हणाल तर काजूगर खायला घाबरू नका, तेल टरफलात असतं, कोकणात, गोव्यात काजू फोडणाऱ्या बायकांचे हात सोलतात ते त्याच्यामुळेच. पण १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियात मुलांच्या बेसबॉल लीगने विकलेल्या काजूंत टरफलाचे तुकडे राहिले होते, ५४ जणांना अंगावर पुरळ. आंब्याच्या सालीनेही काहींचे ओठ उततात, पॉयझन आयव्ही झालेल्यांनी आंबा सालीसकट चोखू नये, कापून खावा.

(दृश्य: गॅरेजमधलं शेल्फ, वेताची परडी)

ही ती परडी. पुढच्या वर्षी हरतालिकेला मी ती काढली, सोवळ्यासारखी जपून देवघरात नेऊन ठेवली, आणि दोन दिवसांनी माझ्याच बोटांच्या बेचक्यात बारीक बारीक फोड. वर्षभर गॅरेजमध्ये पडून होती, ते तेल तसंच. आईला व्हिडिओ कॉलवर हात दाखवला तर म्हणाली, "परडी फेकू नकोस गं, चांगल्या वेताची आहे. मी आले की धुते."

आम्ही ती फेकली.