दासीचं धाडस कुठून येतं?

मित्रहो, घरातून हाकललेली दासी अद्भुतकथेला मिळाली, म्हणजे लेखकाच्या हाती मोठं भांडवल आलं. पण बहुतेक हस्तलिखितांत ते पहिल्या वीस पानांतच संपतं. पोर रडते, नशिबाला बोल लावते, मग कुणी म्हातारा तिला मंतरलेली तलवार देतो आणि रात्रीतून ती शूर होते. नाहीतर कळतं, की ती मुळात राजकन्याच होती. हा दुसरा प्रकार मला सरळ अन्यायाचा वाटतो. दासीच्या पोटी धाडस येऊच शकत नाही, असा त्याचा अर्थ होतो. अहो, आपल्याच मुलखात मलिक अंबर होऊन गेला. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी पोरगा निजामशाहीचा कारभार हाकू लागला, १६१० साली त्यानं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली. त्यासाठी त्याला कुणाचा हरवलेला राजपुत्र व्हावं लागलं नाही.

आधी तिचं रडणं खरं माना. साल भरायच्या आत, ठरलेलं धान्य हातावर न ठेवता तिला उंबऱ्याबाहेर काढलंय, ती रडणारच. चुकतं ते माप. साठ हजार शब्दांची कादंबरी असेल तर पहिल्या सहा-सात हजारांत हे दुःख पोटभर येऊ द्या, आणि ते एखाद्या वस्तूला बांधा. ‘मी अभागी’ असं दहादा म्हणवून घेण्यापेक्षा, वाड्यात राहिलेली आपली चुंबळ आता दुसऱ्या पोरीच्या डोक्यावर असेल, एवढंच तिला आठवू द्या. पुढंही तिची ही स्वतःबद्दलची कीव परत येईल, पण दर खेपेला आखूड: आधी दोन पानं, मग एक परिच्छेद, शेवटी अर्धं वाक्य. ती एकदम पुसून टाकलीत, तर वाचकाला वाटतं, जुनी पोर उठवून तिच्या जागी दुसरीच आणून बसवली.

हा बदल मराठीत नुसत्या वाक्यरचनेतून दाखवता येतो. एवढी सोय हाताशी असून आपण ती फारशी वापरत नाही. ‘मला हाकललं’, ‘मला रडू आलं’, ‘माझ्या वाट्याला हेच’. पाहा, सगळं तिच्यावर येऊन पडतंय. सुरुवातीला तिची बहुतेक वाक्यं अशीच ठेवा. मग हळूहळू ‘मी थांबले’, ‘मी वळले’, ‘मी आत शिरले’ येऊ द्या. ‘मला भीती वाटली’ पासून ‘मी भ्याले, तरी गेले’ पर्यंत यायला शंभर पानं लागली तरी चालतील.

आता धाडस. ते तिच्या कामातून यावं. समजा, तुमचा किल्ला आपल्या देवगिरीसारखा आहे: भोवती कातळात खोदलेला खंदक, आत शिरायला डोंगराच्या पोटातून वळणं घेत चढणारी अंधारी, आणि वरच्या तोंडाशी आग पेटवून शत्रूला धुरानं कोंडायची सोय. शिपाई तिथं ताठ उभे राहतात आणि गुदमरतात. ही पोर मात्र जन्मभर चुलीपुढं बसलेली. ओलं सरपण धुमसलं की धूर आधी आढ्याला दाटतो, भुईलगत थोडा वेळ श्वास घेता येतो, हे तिला ठाऊक. ती पदर भिजवून नाकातोंडावर बांधते, पोटावर पडते आणि हातानं पायऱ्या चाचपत वर सरकते. धूर विरळ झाला की उभी राहते. अंधारात निसरड्या दगडावर कसं चढायचं, ते बारवेच्या शेवाळलेल्या पायऱ्यांनी शिकवलेलं: आधी बोटं, मग टाच, अंगाचा भार सगळ्यात शेवटी.

इथं एक जपा. भिजलं फडकं काजळी थोडीफार अडवतं, विषारी हवा अडवत नाही. म्हणून तिला घाई हवी. भुयाराच्या मध्यावर तिला थांबवून बालपण आठवायला लावलंत, तर तो प्रसंग तिथंच मेला.

पहिली खेप फसू द्या, आणि फसू द्या तिच्याच सवयीनं. वरून कुणी दरडावतं, ‘कोण गं?’ आणि तिच्या तोंडून आपसूक ‘जी’ निघून जातं. वर्षानुवर्षं जिभेवर बसलेलं ते एक अक्षर तिला पकडून देतं. तलवारीची लढाई हरण्यापेक्षा वाचकाला हे जास्त लागतं, कारण वाड्यानं तिच्यात काय पेरलंय, ते तिथं ऐकू येतं.

म्हणून कोण कुणाला कसं हाक मारतं, याचा हिशेब कादंबरीभर ठेवा. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामयाची दासी म्हणवते आणि त्याच तोंडानं विठ्ठलाला अरे-तुरे करते, त्याच्याशी भांडते. तुमची नायिका मालकिणीला ‘बाईसाहेब’ म्हणायची थांबते ते पान कोणतं? ते लिहायला बसण्याआधीच ठरवा.

मग दुसरी खेप. तीच अंधारी, तोच धूर, वरून तोच आवाज: ‘कोण गं?’ तिच्या ओठांवर ‘जी’ येतं. ती भिजल्या पदराचा बोळा दातांत घट्ट धरते आणि पुढची पायरी चाचपते.