नाकात आठ, शेपटीत तीन

(दृश्य: शेड, वजनकाटे, ओळंबा)

हिंगणा एमआयडीसीतली ही शेड. विमानाच्या तीन चाकांखाली तीन वजनकाटे. पंखाच्या पुढच्या कडेवरून ओळंबा सोडलाय. तो झुलायचा थांबला की काका जमिनीवर खडूनं फुली मारतात आणि पुतण्या आकडा वहीत उतरवतो. छताचे पंखे बंद, कारण वाऱ्यानं काट्यावरचा आकडा हलतो. नागपूरच्या मे महिन्यात ही शिक्षाच.

दोन आसनांचं, ॲल्युमिनियमचं, ड्रॉइंग विकत आणून स्वतः बांधलेलं विमान. सगळे रिव्हेट मारून झालेत. वाद आहे तो इंजिनाचा. ड्रॉइंगमधलं लावायचं, की मोठं?

पुतण्याला मोठं हवंय, आणि त्याचा मुद्दा खोटा नाही. नागपूरची उंची जेमतेम 310 मीटर, म्हणजे हजारेक फूट. पण पारा 45 अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान 5,000 फुटांच्या आसपास असल्यासारखं वागतं. इंजिनाचा दम कमी, प्रोपेलरची ओढ कमी, पंखांची उचलही कमी.

(दृश्य: वही)

काका हिशेब मांडतात. नवं इंजिन 8 किलोनं जड, गुरुत्वमध्याच्या दीड मीटर पुढे. आठ दीडे बारा. समतोल साधायचा तर 4 मीटर मागे, शेपटीत, 3 किलो हवेत. "बॅटरी मागे नेऊ ना, काका!" नेऊ. मग जाड केबल लांबणार, बॅटरीला मागे ब्रॅकेट लागणार. जड इंजिनाला माउंट दणकट हवा, जास्त इंधनाला टाकी मोठी. वाढवलेल्या ताकदीतली बरीचशी हे वजन वाहण्यातच जाणार. आणि गुरुत्वमध्य फार मागे सरकला, तर स्टॉलमधून, म्हणजे पंखांची उचल अचानक तुटल्यावर, विमान सावरणं कठीण.

(दृश्य: एलेव्हेटर, जवळून)

हे नीट बघा. बिजागरीवर मोकळा सोडलेला एलेव्हेटर, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीवरची हलती फळी. काल आडवा राहत होता. रंगाचा आणखी एक हात बसला आणि आज मागची कड खाली झुकली. काका हसतात, "रंगाले वजन नसते का बाप्पा?" बिजागरीच्या पुढे शिशाची चकती लावून तोल पुन्हा जमवावा लागतो. नाहीतर वेगात असताना हा भाग फडफडून तुटूही शकतो.

सीट, कापड, रंगसंगती खुशाल बदला. इंधन आणि नियंत्रणाला हात लावण्याआधी मात्र दहादा विचार करा. लाँग-ईझी या अशाच स्वतः बांधायच्या विमानाच्या ड्रॉइंगमध्ये इंधनाचा व्हॉल्व्ह वैमानिकाच्या पायांमध्ये होता. एका बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे नेला. 12 ऑक्टोबर 1997 रोजी तो फिरवण्याच्या धडपडीत गायक जॉन डेन्व्हर यांचा विमानावरचा ताबा गेला.

इथं ड्रॉइंगमधलंच इंजिन येणार. उन्हाळ्यावर काकांचा तोडगा बिनखर्चाचा: सकाळी सातच्या आत उडायचं, दुपारी विमान शेडमध्ये. डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) परवानगी, तपासण्या, चाचणी उड्डाण, हे सगळं अजून बाकी आहे. पुतण्यानं तेवढ्यात सीट लाल करून घेतली.