पंखा थांबल्यावर ऐकू येतं ते

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर बसलं तरी चालेल. आजचा विषयच तो आहे, कुठे बसल्यावर काय ऐकू येतं.

पत्रिकेत 'इलेक्ट्रिक गाडी आणि महामार्गावरचा आतला आवाज' असं छापलंय. मला तीन गोष्टी सांगायच्या आहेत: आवाज कुठे तयार होतो, आत कसा येतो आणि त्यावर इलाज काय. गाड्यांचा आवाज मोजण्याच्या कामात मी ३३ वर्षं होतो. निवृत्त झालो तरी कान निवृत्त होत नाहीत, त्यामुळे हे बोलण्याची संधी मी बरेच दिवस शोधत होतो.

आधी हात वर करा. इलेक्ट्रिक गाडी कोणाकडे आहे? बारा-पंधरा दिसतात. आता 'ही गाडी अजिबात आवाज करत नाही' असं विकणाऱ्याने किती जणांना सांगितलं होतं? एकही हात खाली आला नाही, बघा. तो खोटं बोलला नव्हता. त्याने तुम्हाला गल्लीत, चौकात, सिग्नलला फिरवून आणलं, आणि तिथे ही गाडी खरोखरच शांत असते. पण कोणतीही मोटारगाडी, पेट्रोलची असो की डिझेलची, ताशी ४०-५० किलोमीटरच्या पुढे गेली की इंजिनापेक्षा टायरचाच आवाज वरचढ होऊ लागतो. इलेक्ट्रिक गाडीत इंजिन गेलं. टायर कुठे गेलेत?

लोडशेडिंगचे दिवस आठवा. मे महिन्याची रात्र, डोक्यावर पंखा घरघरतोय आणि वीज जाते. पंखा हळूहळू थांबतो, आणि मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं, मोरीतला गळका नळ ऐकू येतो, शेजारच्या आजोबांचा खोकला येतो. यातलं नवीन काहीच नसतं. नळ संध्याकाळपासून गळतच होता. आमच्या धंद्यात याला मास्किंग म्हणतात, मी त्याला आवाजावरचं पांघरूण म्हणतो. इंजिन हे गाडीतलं पांघरूण होतं. शंभर वर्षं आपण ते ओढून बसलो, आणि टायर, रस्ता, वारा, दाराचं रबर, डॅशबोर्डची किरकिर असं सगळं त्याखाली झाकलेलं राहिलं. इलेक्ट्रिक मोटर आली आणि पांघरूण निघालं. माझ्या ओळखीच्या एकाने तर नवी गाडी घेतल्यावर पहिल्याच महिन्यात चारही चाकांचे बेअरिंग तपासून घेतले. बेअरिंग ठणठणीत होते.

आता मी ताईची गोष्ट सांगतो. ती थोडी लांबेल, पण सांगायलाच हवी, कारण तिच्यामुळे मी इथे उभा आहे.

माझी थोरली बहीण ७८ वर्षांची आहे. दोन्ही कानांत मशीन. गेल्या वर्षी नागपूरला भाचीच्या मुलाची मुंज होती, म्हणून आम्ही पुण्याहून माझ्या इलेक्ट्रिक गाडीने निघालो. मी चालवत होतो, पत्नी शेजारी, ताई मागे डावीकडे. ज्येष्ठांना आपण मागेच बसवतो, पाय पसरता येतात म्हणून. अहिल्यानगरपर्यंत ताईची टकळी चालू होती. कोणाची सोडमुंज कधी झाली, कोणाच्या मुंजीत मांडव पडला, सगळं. संभाजीनगर ओलांडून आम्ही काँक्रीटच्या महामार्गाला लागलो, मी वेग १०० वर नेला आणि ताई गप्प झाली. मला वाटलं, डोळा लागला. आरशात पाहिलं तर डोळे टक्क उघडे. पत्नीने मागे वळून दोनदा काही विचारलं, ती नुसती हसली.

चहाला थांबलो तेव्हा म्हणाली, "अरे, मी मशीन काढून पर्समध्ये ठेवलंय. चालू ठेवलं की कानात नुसतं घूंऽऽ होतं आणि त्यात तुमचं बोलणं बुडून जातं. तुम्ही बोला, मी बाहेर बघते." पुढचे चार तास ती बाहेर बघत बसली. ज्या माणसाने जन्मभर गाड्यांचा आवाज मोजला, त्याच्या गाडीत त्याच्या बहिणीला कान काढून ठेवावे लागले. ते मला फार लागलं. अजूनही लागतं.

परत आल्यावर गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. कोणाचं ते सांगत नाही, कारण अनुभव कुठेही हाच येतो. मुलगा नम्र होता. माझ्या शेजारी बसला, मोबाईलवरचं डेसिबल मोजायचं ॲप काढलं, मोठ्या रस्त्यावर ८० ने चक्कर मारून आला आणि म्हणाला, "६४ येतंय सर. नॉर्मल आहे." मी सांगितलं, त्रास मागे होतो. त्यांनी मागच्या दारांची रबरं बदलली. फरक शून्य. दुसऱ्या खेपेला डिकीत एक जाड चटई चिकटवली आणि तिचं बिल लावलं. तिसऱ्या खेपेला मी म्हटलं, बाळा, एकदा मागे बस, मी चालवतो. तो गोंधळून म्हणाला, "मागे बसून कोणी बघत नाही सर."

मंडळी, हे वाक्य मी त्याच दिवशी डायरीत लिहून ठेवलं. चूक त्या मुलाची नाही, त्याला तसंच शिकवलंय. पण आपल्याकडे मागे कोण बसतं? आई-वडील बसतात, लहान मुलं बसतात, बाळंतीण बसते. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळजवळ वरच असते, दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानी आणि पाठीमागे डिकीची पोकळी. रस्त्याचा आवाज बहुतेक गाड्यांत तिथेच जास्त असतो.

आणि तो ६४ चा आकडा. त्यावर माझा राग आहे, तो दोन मिनिटांत ओकून टाकतो. मीटरवर डेसिबलच्या पुढे 'ए' असतो. माणसाच्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो असं धरून मीटर खर्जाचे गुण कापतं. २०० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला २०० कंपनांच्या सुराला, जवळजवळ ११ डेसिबल कापतं, १०० हर्ट्झला १९, ५० हर्ट्झला तर ३०. म्हणजे ज्या पट्टीत टायर घुमतो तीच पट्टी आकड्यातून बाहेर. ही वजावट हळू आवाजांसाठी ठरवलेली होती. बंद पेटीत चार तास घुमणारा खर्ज माणसाला कसा थकवतो हे त्या एका आकड्यात दिसतच नाही. शिवाय खालच्या पट्टीतला जोरकस आवाज स्वतःच्या वरच्या पट्ट्याही झाकतो. बोलण्यातले स, त, क, च हे नाजूक आवाज वर असतात, आणि शब्द कळतो तो त्यांच्यावरून. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांच्या कानात हे पांघरूण आणखी लांबवर पसरतं. ताईला 'घूं' ऐकू येत होतं आणि शब्द येत नव्हते, ते यामुळे.

तो 'घूं' कुठून येतो? इथे पेटी वाजवणारं कोणी आहे? या ना, एकदा पांढरी पाच दाबा. हां, धरून ठेवा. हा सूर साधारण १९६ हर्ट्झ. आता टायर डोळ्यांसमोर आणा. रिम आणि रबर यांच्यामध्ये हवेचं गोल कडं आहे. मध्यम गाडीच्या टायरमध्ये त्या कड्याचा घेर साधारण पावणेदोन मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो. भागा. २०० च्या आसपास येतं. प्रत्येक टायर हा पांढरी पाचच्या जवळपास लागलेला तंबोरा आहे आणि रस्त्याचा प्रत्येक खडा त्याची तार छेडतो. टायर तापला की आतली हवा तापते, तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगाने धावतो आणि सूर चढतो. लांबच्या प्रवासात दुपारी तो चढलेला मला ऐकू येतो. थांबा आता, सोडा पेटी, आभार.

आणि तार छेडणारा रस्ता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून काँक्रीटवरची ती 'टक्-टक्' आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. काँक्रीटच्या लाद्यांमध्ये साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी १०० ला सेकंदाला सहा टकटकी. त्याखेरीज पावसात गाडी घसरू नये म्हणून ओल्या काँक्रीटवर दातेरी फणी ओढून आडव्या रेघा पाडतात. रेघांमधलं अंतर २० मिलिमीटर आणि सगळीकडे सारखं असेल, तर १०० च्या वेगाला टायर सेकंदाला चौदाशे वेळा रेघ ओलांडतो. चौदाशे हर्ट्झची शिट्टी! अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात याचा नीट अभ्यास झाला. रेघांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलं की शिट्टी विरघळते, आणि रेघा आडव्याऐवजी उभ्या, गाडीच्या दिशेने ओढल्या तर आणखी शांत. तोच रस्ता, तीच फणी, फक्त ओढायची दिशा वेगळी. ॲरिझोनात फिनिक्स शहराभोवतीच्या काँक्रीटच्या महामार्गांवर २००३ पासून रबर मिसळलेल्या डांबराचा थर दिला, तो लोकांच्या कानांसाठी. नेदरलँड्समधले जवळजवळ सगळे मोठे महामार्ग सच्छिद्र डांबराचे आहेत. आपल्या धुळीत ती छिद्रं किती दिवस उघडी राहतील याची मला शंका आहे, म्हणून मी उभ्या रेघांच्या बाजूचा आहे. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे, तिथे १२० च्या वेगाला परवानगी आहे. असे रस्ते आपण पुढेही बांधणार. निविदेत जाडी असते, मजबुती असते. कानाची अट का नसावी? या सभागृहात रस्त्यांच्या कामातले अभियंते बसले आहेत. हे मी तुमच्याकडे बघून बोलतोय.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं? पाच! बरं. मग कबूल केलेल्या दोन गोष्टी धावत सांगतो.

आवाज आत यायच्या वाटा दोन. एक हवेतून: काचा, दाराची रबरं, गाडीच्या तळातली भोकं यांतून. वरच्या पट्टीतला आवाज तसा येतो, आणि रबर बदलून तोच कमी होतो. दुसरी वाट हाडातून: टायर, रिम, सस्पेन्शन, त्याचे रबरी बुश आणि मग पत्रा. पत्रा ढोलकीच्या पानासारखा हलतो. साधारण ५०० हर्ट्झच्या खालचं बहुतेक या वाटेने येतं. ताईचा 'घूं' इथला, म्हणून दाराच्या रबराने त्याला काहीच झालं नाही. इलेक्ट्रिक गाडीत बॅटरीचं काही शे किलो वजन असतं, म्हणून टायर कडक आणि हवा जास्त, म्हणजे हाडाची वाट आणखी मोकळी. गाडीच्या तळाखालची बॅटरी मात्र पत्र्याला जडपणा देते, तेवढा तिचा उपकारही मानायला हवा.

वेगाचं गणित लक्षात ठेवा. वाऱ्याचा आवाज वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो. ८० वरून १२० वर गेलात तर वारा साधारण १० डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला दुप्पट. टायर ५-६ ने वाढतो. उलट १०० वरून ८० वर आलात तर टायर ३ ने उतरतो, फुकटात, वर बॅटरीही वाचते.

इलाज. कंपनीने सांगितलेली हवा भरा, थंड टायरमध्ये, आणि पाच-सहा पॉइंट जास्त भरायचा मोह टाळा. टायर बदलायची वेळ येईल तेव्हा आतून फोमचा पट्टा लावलेला टायर तुमच्या मापात मिळतो का ते विचारा, तो नेमका २०० हर्ट्झचा तंबोरा दाबतो. युरोपातल्या टायरच्या लेबलावर आवाजाचा आकडा असतो, २०१२ पासून. त्यावर विसंबू नका. तो रस्त्याकडेला, साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून मोजलेला असतो, आपल्या एआयएस-१४२ मानकातही मोजणी बाहेरचीच आहे. तो शेजाऱ्याचा आकडा आहे, तुमचा नाही. उलट्या लहरी सोडून आवाज मारायचं तंत्रही आलंय, ह्युंदाईने २०१९ मध्ये ते जाहीर केलं. सस्पेन्शनवरचे सेन्सर धक्का ओळखतात आणि तो कानापर्यंत पोचायच्या आत, काही मिलिसेकंदांत, स्पीकरमधून उलटा आवाज सोडायचा. खर्जावर ते चांगलं चालतं, शिट्टीवर चालत नाही. आणि गाडी घेताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवून काँक्रीटच्या रस्त्यावर १०० ने चक्कर मागा. विकणारा कुरकुर करेल, तरी मागा.

अध्यक्ष उभे राहिले, मी ताईचं पूर्ण करतो आणि बसतो.

माझे टायर यंदा बदलायला झाले होते. फोमवाले मिळाले, घातले. आधीचा नागपूरचा तोच रस्ता, तोच वेग, मीटर मागच्या सीटवर, ताईच्या कानाच्या उंचीला. 'ए' चा आकडा फक्त एकने उतरला. त्या सर्व्हिस सेंटरच्या मुलाने पाहिला असता तर म्हणाला असता, पैसे वाया गेले सर. पण २०० हर्ट्झचं शिखर सातने खाली आलं होतं. सांध्यांची टकटक तशीच आहे, ती माझ्या हातात नाही. जालना मागे पडलं तरी ताईने मशीन काढलं नव्हतं. पुढे आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो, चहाला कुठे थांबायचं ते. मागून आवाज आला, "मला चहा नको हं. ताक मिळतं का बघा."